उज्ज्वलाची धाप

नकार यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. सारिकानं दवाखान्यातल्या 'वंशवेल' यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला, पडद्यावर तिच्या घराण्याचं झाड उगवलं, दोन-चार फांद्या लुकलुकल्या आणि खाली अगदी शुद्ध, नम्र मराठीत ओळी आल्या : 'कुटुंबात या आजाराचा पूर्वेतिहास नाही. रुग्णाच्या जनुकातील बदलाचा अर्थ अनिश्चित. उपचार नामंजूर.'

"अनिश्चित?" सारिका ओरडली. "माझी पोरगी तिकडं वॉर्डात श्वासासाठी तडफडतीय आणि ह्या डबड्याला अनिश्चित वाटतंय?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. बावीस वर्षं ती कराड आगारात कंडक्टर होती. आता एसटी आपली आपण चालायची, ड्रायव्हर कधीच घरी बसले होते, पण कंडक्टर काही सरकारला काढता आला नव्हता, कारण दारात लोंबकळून भांडणाऱ्या पॅसेंजरला गप्प करणारं यंत्र अजून कुणी बनवलं नव्हतं. ते काम पिसाळबाई, म्हणजे सारिका, झकास करायच्या. चाळीस माणसांना एका आवाजात आत सरकवणारी बाई, पण पडद्यावरच्या तीन ओळी काही तिच्या आवाजाला सरकेनात.

शर्वरी एकोणीस वर्षांची. खो-खोची पळती, जिल्ह्याच्या संघातली. बाप दहा वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून मायलेकी दोघीच. मार्चमधल्या सामन्यात ती तिसऱ्या मिनिटाला खांबाला धरून उभी राहिली आणि तशीच घसरत खाली बसली. ओठ जांभळे पडलेले. गल्लीतल्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला. एकशे दहा-सत्तर! रक्तदाब उत्तम, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. दोन महिने गोळ्या झाल्या. मग एक दिवस वेणी घालता घालता पोरीला धाप लागली. ती धाप सारिकानं आधी पाहिली होती. कुठं पाहिली होती ते मात्र तिनं स्वतःलासुद्धा आठवू दिलं नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर नसीमा तांबोळींनी मानेच्या शिरेतून नळी घालून शर्वरीच्या फुफ्फुसातला दाब मोजला.

"दंडाचा पट्टा सांगतो तो बाकीच्या अंगाचा दाब," त्या म्हणाल्या होत्या. "फुफ्फुसांचा संसार वेगळा. हृदयाची उजवी बाजू फक्त फुफ्फुसांकडं रक्त ढकलते, आणि तिला हलक्या कामाची सवय. तिथला दाब वीसच्या आत हवा. शर्वरीचा अठ्ठावन्न आहे. फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होत होत आतून बुजत चालल्यात. उजवं हृदय ढकलून ढकलून थकलंय."

"पण कशानं? पोरगी धड चहासुद्धा पीत नाही."

"खाण्यापिण्याचा संबंध नाही. नळीच्या भिंतीतल्या पेशींनी किती वाढायचं आणि कुठं थांबायचं हे सांगणारं एक जनुक असतं. त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडलांकडून. त्यातली एक बिघडली की 'थांबा' म्हणणारा आवाज निम्मा होतो. गंमत अशी की बिघडलेली प्रत असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. दहा पुरुषांत एखाद्या-दुसऱ्याला होतो, दहा बायकांत चौघींना. बाकीचे ठणठणीत म्हातारे होतात आणि पुढच्या पिढीला ती प्रत देऊन जातात."

यावर इलाज निघाला होता. नाकातोंडानं आत ओढायचा फवारा. त्यातले कण फुफ्फुसातल्या नळ्यांपर्यंत जायचे आणि जनुकातलं चुकलेलं नेमकं अक्षर दुरुस्त करायचे. पण अक्षर नेमकं ठाऊक हवं. शर्वरीच्या जनुकात एक बदल सापडला होता खरा, पण तो जगात आधी कुणातच नोंदलेला नव्हता. तोच गुन्हेगार असेल, नाहीतर गालावर तीळ असावा तसा निरुपद्रवी असेल. भलतंच अक्षर खोडलं तर नवं दुखणं मागं लागायचं, म्हणून नियम कडक होता : याच आजारानं गेलेल्या नात्यातल्या दुसऱ्या माणसात तोच बदल दाखवा, मग फवारा घ्या. आणि 'वंशवेल' म्हणत होती की असं माणूस तुमच्या घराण्यात झालंच नाही.

सारिका तणतणत डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"बसा, सारिकाताई," तांबोळी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. "यंत्रानं 'नाही' कुठनं आणलं ते मी शोधून काढलंय. हे बघा. तुमच्या वडलांना दोन बहिणी. दोघींपुढं लिहिलंय, 'विवाहानंतर नोंद नाही.'"

नसणारच! लग्नात नवरा तांदळात नवं नाव लिहितो आणि माहेरची हौसा सासरची रुक्मिणी होते. आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, आता पाळण्यातलंही गेलं. मरते ती रुक्मिणी, भलत्याच घराण्याच्या झाडावर. जगातलं सगळ्यात हुशार यंत्र आणून ठेवलं तरी ते हौसाला कुठं शोधणार?

"आणि ही तुमची थोरली बहीण, उज्ज्वला. मृत्यूचं कारण, सासरचा छळ. न्यायालयाचा निकाल आहे. त्याखाली पुरावा जोडलाय, तो वाचा."

सारिकानं वाचलं. 'साक्षीदार क्रमांक चार, मयताची सख्खी बहीण, शपथेवर : माझी बहीण लग्नाआधी पूर्णपणे निरोगी होती. आमच्या घराण्यात कुणालाही छातीचा किंवा श्वासाचा आजार नाही.' खाली तिची सही. बावीस वर्षांच्या पोरीची, गोल गोल अक्षरातली.

"मी डॉक्टर म्हणून काहीही सांगितलं तरी यंत्राला न्यायालयाचा कागद मोठा वाटतो," तांबोळी म्हणाल्या. "अपिलाला चार महिने लागतात. शर्वरीकडं फार तर सहा आठवडे आहेत. एकदा उजवं हृदय बसलं की फवाऱ्याचा उपयोग नाही. एकच विचारते. ही साक्ष खरी होती का?"

तळपायाची आग मस्तकाला गेली सारिकाच्या. पण ओरडायचं कुणावर?

खोटी होती. उज्ज्वला विसाव्या वर्षी आगाशिवच्या डोंगरावर दोनदा चक्कर येऊन पडली होती. घरात जिना चढताना ती मध्येच बसायची आणि हसून म्हणायची, पायऱ्या मोजतीय. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा स्वयंपाकघर खाली आणि बैठक माडीवर. मुलीनं पोहे घेऊन यायचे हा रिवाज. आबांनी, म्हणजे सारिकाच्या वडलांनी, युक्ती काढली. उज्ज्वलाला अर्धा तास आधीच वर नेऊन शेजारच्या खोलीत बसवलं. ताट सारिकानं वर नेलं आणि दाराआड तिच्या हातात दिलं. उज्ज्वला तीन पावलं चालून आत गेली. पाहुणे म्हणाले, मुलगी शांत आहे हो. जमलं लग्न! त्या दिवशी सगळं घर हसलं होतं, उज्ज्वलासुद्धा.

दोन वर्षांनी ती गरोदर राहिली. टाळेबंदीचं साल, रस्ते बंद, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. धाप वाढली तर सासू म्हणाली, नाटकं करते. बाळ अकरा दिवसांचं असताना उज्ज्वला न्हाणीघराच्या दारात कोसळली ती उठलीच नाही. मग आबांनी माणसं जमवली, त्या गावात मोर्चा नेला, सारिका सगळ्यात पुढं. साक्षीच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले होते, "आजाराचं नाव काढलंस तर ते सुटतील. आणि तुझंही लग्न व्हायचंय, ध्यानात ठेव." उज्ज्वलाच्या नवऱ्याला सात वर्षांची सजा झाली. सासूलाही. म्हातारी तिसऱ्या वर्षी आतच मेली.

"खोटी होती," सारिका म्हणाली.

तांबोळींनी डोळे मिटून घेतले. मग कामाचं बोलल्या. उज्ज्वलाच्या शवविच्छेदनात उजवं हृदय सुजल्याचं लिहिलेलं होतं. वकिलांनी तेव्हा तो उपासमारीचा आणि कष्टाचा परिणाम ठरवला होता. आता हवं ते इतकंच, की शर्वरीतला बदल उज्ज्वलात होता. उज्ज्वला नाही, पण तिची मुलगी आहे. मुलीत तोच बदल निघाला, तर आईत होता हे सिद्ध. आणि सारिकानं आपली साक्ष मागं घ्यायची.

"खोट्या साक्षीचा गुन्हा लागू शकतो तुम्हाला."

"लागू दे."

"आणखी एक. निकाल त्या मुलीलाही कळणार. नको म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. जबरदस्ती करायची नाही."

उज्ज्वलाच्या सासरी जाताना ती वाटेत ओगलेवाडीला आबांकडं उतरली. एकोणऐंशी वर्षांचे आबा अंगणात कडुलिंबाखाली पेपर वाचत बसले होते. गडी टुणटुणीत. रोज चार किलोमीटर चालायचे आणि ते चारचौघांत सांगायचे.

"आबा, हौसा आत्या कशानं गेली?"

"त्या काळी बायका मरायच्या बाळंतपणात. आज हे काय नवीन?"

"कमळा आत्या?"

आबा पेपरची घडी घालायला लागले.

"धापेनंच ना दोघी? तुम्हाला ठाऊक होतं. उज्ज्वला जिन्यात बसायची तेव्हाही ठाऊक होतं. तुमच्यातनं आलंय हे, आबा. तुमच्यातनं माझ्यात, माझ्यातनं शर्वरीत!"

"मला काय झालंय? बघ की! अजून डोंगर चढतो मी."

"तेच तर! तुम्हाला काही होत नाही. मरतात त्या बायका, आणि त्याही दुसऱ्याच्या घरी जाऊन."

"हळू बोल, शेजारी ऐकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. तेव्हा सांगितलं असतं तर उज्ज्वला जन्मभर बिनलग्नाची राहिली असती."

"राहिली असती!" सारिका किंचाळली. "बिनलग्नाची राहिली असती, आबा! राहिली असती ती!"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. ती उज्ज्वलाच्या सासरी निघालीय हे आबांनी आता ओळखलं, आणि तोंडातनं आलं ते असं : "त्या माणसाच्या दारात जाऊ नकोस. त्याच्या आईनं माझ्या लेकीला नाटकी म्हटलं."

"म्हटलं. दवाखान्यात नेलं नाही, हेही खरं. पण तिला आजार आहे हे त्यांना सांगायचं कुणी होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, आणि वर मिरवलो." तिनं पिशवी उचलली. आबा मागनं काहीतरी म्हणत होते. ते ऐकायला ती थांबली नाही.

खरसुळे हे विट्याच्या पलीकडचं गाव. चोवीस वर्षांपूर्वी ती तिथं घोषणा देत शिरली होती. आज दुपारच्या उन्हात एकटी उतरली, हातात तांबोळींनी दिलेली डबी. बोटाचा एक थेंब, वीस मिनिटं, निकाल थेट 'वंशवेल'मध्ये. साक्षही तिच्यातच बोलून नोंदवायची.

उज्ज्वलाचा नवरा धैर्यशील डाळिंबाच्या बागेत नळी धरून उभा होता. पन्नाशी उलटलेली, केस सगळे पांढरे. त्यानं तिला ओळखायला वेळ लावला नाही.

"दाजी..."

"त्या नावानं हाक मारायची नाही. काय काम आहे?"

सारिकानं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, आगाशिवचा डोंगर, माडीवरचं पोह्यांचं ताट, आबांचं बोलणं, सही. तो ऐकत होता तोवर पाणी एकाच झाडाच्या बुंध्यात साचत राहिलं. मग त्यानं नळी आपटली.

"मी कोर्टात सांगत होतो, ती जिन्यात बसायची, लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासनं बसायची! जजनं तुला विचारलं. तू माझ्या डोळ्यात बघून नाही म्हणालीस. माझ्या डोळ्यात बघून! आई तिला नाटकी म्हणायची आणि मी आईचं ऐकलं. त्याची सजा दिली असती तर मुकाट्यानं भोगली असती मी. पण तुम्ही मला खुनी केलंत. माझी आई खुनी म्हणून मेली. आता स्वतःच्या पोटाला चिमटा बसला तेव्हा आलीस होय?"

"हो," सारिका म्हणाली. "नाहीतर आले नसते."

गोठ्याकडनं एक मुलगी हात पुसत आली. ओवी. चोवीस वर्षांची, पशुवैद्य, पायात गमबूट. चेहरा असा उज्ज्वलाचा की सारिकाला बघवेना. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गाय विकत घेताना माणसं तिच्या आईच्या आईपर्यंत चौकशी करतात," ओवी म्हणाली. "मी रोज बघते. वळूच्या रेताची कांडी घ्यायची तर त्याचे कागद मागतात. आणि माझ्या आईला तुम्ही ताट हातात देऊन खपवलंत." ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "तीन स्थळं आली मला. तिन्ही परत गेली. खुन्याची पोरगी म्हणून. त्यातला एक तर मला आवडला होता."

"ओवी, घरात जा," धैर्यशील म्हणाला. "हिला रक्त देणं लागत नाही आपण."

"नाहीच लागत. पण ती पोरगी एकोणीस वर्षांची आहे, पप्पा. तिनं काय केलंय?" ओवीनं डबीकडं हात केला. "आधी तुझी साक्ष. मग माझं रक्त."

सारिकानं डबीची कळ दाबली आणि बोलली. नाव, वय, खटल्याचं साल. 'माझी बहीण लग्नाआधीपासून आजारी होती. मला ठाऊक होतं. मी शपथेवर खोटं बोलले.' आबांचं नावही घेतलं, दोन्ही आत्यांची माहेरची आणि सासरची नावंही घेतली. आवाज कुठंही अडखळला नाही, कारण बावीस वर्षं थांब्यांची नावं पुकारून तो तयार झाला होता.

ओवीनं बोट टोचून घेतलं. डबीवरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. तिघंही उन्हात उभी. कुणी सारिकाला पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही.

"हे निघालं तर माझं काय?" ओवीनं विचारलं.

"दहात चौघींना होतो. दरवर्षी हृदयाची तपासणी करायची. मूल व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. आजार सुरू झाला तर फवारा आहे, लगेच मिळेल. आणि नाही निघालं तर तू सुटलीस."

"आणि शर्वरी?"

"तुझ्यात नाही निघालं तर काहीच सिद्ध होत नाही. तुझ्या आईकडनं तुला चांगली प्रत आली इतकंच. मग शर्वरीला फवारा नाही."

ओवी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग आता खरं सांग, मावशी. तुला काय व्हायला हवंय?"

सारिकाच्या तोंडात उत्तर तयार होतं. 'तुझ्यात काही निघू नये, बाळ.' असलंच बोलतात माणसं. दिव्याकडं बघत ती उभी राहिली आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"निघावं," ती म्हणाली. "तुझ्यात निघावं असं वाटतंय मला. इथं यायला एसटीत बसल्यापासनं तेच मागतीय मी देवाकडं."

धैर्यशील तिच्या अंगावर धावला. "निघ! निघ इथनं! माझ्या आईला खाल्लंत, आता पोरीत मरण शोधायला आलीस?" ओवीनं मध्ये पडून त्याचा दंड धरला. तो हिसडे देत होता आणि ती सोडत नव्हती.

"राहू द्या, पप्पा. आईच्या माहेरचं माणूस पहिल्यांदा खरं बोललंय."

डबी वाजली. ओवीनंच ती उचलली. वाचलं, पुन्हा वाचलं. मग पडदा दोघांकडं धरला. 'बदल आढळला. रुग्ण उज्ज्वला ऊर्फ राजनंदिनी : आजार आनुवंशिक. रुग्ण शर्वरी पिसाळ : उपचार मंजूर.'

धैर्यशील मटकन बांधावर बसला. सारिकाच्या छातीतनं एक आवाज आला, हुंदका म्हणावा तर त्यात आनंद होता, आणि तो आनंद ओवीनं ऐकला. सारिका पुढं झाली, तिला जवळ घ्यायला.

"हात लावू नकोस मला," ओवी म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "सकाळपर्यंत खुन्याची पोरगी होते. आता हे. तुला माफबिफ काही केलेलं नाही मी, करणारही नाही. कोर्टात जायचं, पप्पांचं आणि आज्जीचं नाव साफ करून आणायचं. तोवर या गावात पाय टाकायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"तिला फोन लाव. मला दे."

सारिकानं लावला. ओवीनं फोन हिसकावून घेतला आणि पाठ वळवून डाळिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभी राहिली.

"शर्वरी? मी ओवी. तुझी मावसबहीण." तिकडनं अर्धंमुर्धं वाक्य आलं आणि तुटलं. मग नुसता श्वास, भरभर, शिट्टीसारखा. धैर्यशीलनं तो ऐकला आणि मान खाली घातली.

"बोलू नकोस," ओवी म्हणाली. "खरंच लागतीय तुला धाप, मला माहीत आहे. सावकाश घे. मी फोन ठेवत नाही."